'नाद'मधली क्लॅरिनेट वाजवली कोणी?

नमस्कार मंडळी. गेली सहा-सात वर्षं मी इथे नुसती वाचतेय, लिहिण्याची ही पहिलीच वेळ. आणि एक कबुली आधीच देऊन टाकते, तुमचे अनुभव वाचताना मी बऱ्याचदा हसलेली आहे. चकवा, पैंजण, पांढरी साडी... यातल्या कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. एक तर मी दातांच्या डॉक्टरची बायको. आमच्या घरात कुठलीही गोष्ट एक्स-रे काढल्याशिवाय खरी धरत नाहीत. लग्नाआधी हॉस्टेलवर असताना बाथरूममधल्या 'रडणाऱ्या बाई'ला शोधायला टॉर्च घेऊन एकटी गेलेली मुलगी मीच. (नळाचा वॉशर गेला होता. मीच बदलला.)

तर हे सगळं लक्षात ठेवून पुढचं वाचा. मी जे लिहिणार आहे त्यावर मी स्वतः अजून वैतागलेली आहे.

आम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहतो. खाली माझ्या नवऱ्याचं, अजितचं क्लिनिक, वरच्या मजल्यावर घर आणि घराच्या पुढच्या खोलीत माझा व्हायोलिनचा क्लास. म्हणजे खालून ड्रिलचा आवाज आणि वरून पोरांचं व्हायोलिन! शेजारी म्हणतात, कुठला आवाज जास्त सोसायचा ते आम्ही रोज चिठ्ठ्या टाकून ठरवतो.

मी पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकले, थोडंफार लिहितेही. मागच्या वर्षी शहरातल्या एका संगीतप्रेमी मंडळींच्या ग्रुपनं विचारलं, "चार-पाच वाद्यांसाठी काहीतरी नवीन लिहा की, छोट्या हॉलमध्ये बसून ऐकण्यासारखं." मी हरखूनच गेले. विषय डोक्यात तयारच होता — एखाद्या गोष्टीनं झपाटून जाणं. नाव ठेवलं 'नाद'. कोल्हापुरात राहून दुसरं नाव ठेवणार तरी काय? आपल्याकडे सूर म्हणजेही नाद आणि खूळ म्हणजेही नादच.

रचना अशी होती. चार वाद्यं : व्हायोलिन, चेलो, पेटी आणि क्लॅरिनेट. क्लॅरिनेटला फक्त पाच सुरांचा एक तुकडा. ती तोच वाजवत राहते. चेलो तिला समजावते, पेटी रागावते, व्हायोलिन विनवण्या करतं, पण क्लॅरिनेट काही हलत नाही. अकरा मिनिटं. शेवटी थकून बाकीची तिघं तोच तुकडा वाजवायला लागतात. मग क्लॅरिनेट एकटी उरते, तुकडा तीनदा हळू वाजवते, आणि तिसऱ्या वेळी तिसऱ्याच सुरावर अर्ध्यात थांबते. संपलं.

व्हायोलिन मी, पेटीवर आमच्या कॉलनीतले निवृत्त पाटणकर काका, चेलोसाठी पुण्याहून माझी जुनी विद्यार्थिनी केतकी यायला तयार झाली. ठरलेला क्लॅरिनेटवाला मात्र अचानक परदेशी गेला. दोन दिवस मी डोकं धरून बसले. तिसऱ्या दिवशी अजितनं खालून फोन केला, "अगं खाली ये. माझ्या खुर्चीत एक क्लॅरिनेटवाले बसलेत."

दस्तगीर मास्तरांची आणि माझी पहिली भेट ही अशी झाली. ते आडवे, तोंड उघडं, तोंडात कापूस. मी विचारलं, "तुम्ही क्लॅरिनेट वाजवता?" ते म्हणाले, "आँ." मी विचारलं, "माझ्याबरोबर एक कार्यक्रम कराल?" ते म्हणाले, "आँ आँ." तो होकार आहे असं मीच ठरवून टाकलं.

मास्तर साठीचे. हातकणंगल्याजवळच्या एका खेड्यात घर, दोन म्हशी, आणि चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट. कापूस निघाल्यावर पहिलं वाक्य बोलले ते अजितशी, "डॉक्टर, ह्यो दात काढला की वाजवायचं बंद?" वरचा समोरचा दात हलत होता, आत पू झाला होता. क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात तिच्या फुंकायच्या टोकावर टेकतात, तो आधार गेला तर सूर जातो. अजित म्हणाला, "कवळी बसेल. पण पूर्वीसारखं वाजेल याची गॅरंटी मी देणार नाही." मास्तरांनी जिभेनं तो दात चाचपला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कार्यक्रम कवा हाय?"

कार्यक्रम पाच आठवड्यांनी, रविवारी सकाळी. अजितनं गोळ्या लिहून दिल्या आणि दात काढायचा दिवस ठरला — त्या रविवारनंतरचा सोमवार.

मास्तरांना नोटेशन वाचता येत नव्हतं. मी तुकडा गाऊन दाखवला, त्यांनी एकदा ऐकला आणि जसाच्या तसा वाजवला. मग विचारलं, "पुढं?"

"पुढं काही नाही. हेच."

"किती येळ?"

"अकरा मिनिटं."

मास्तरांनी क्लॅरिनेट खाली ठेवली. "मॅडम, वरातीत ह्ये अकरा मिनिटं वाजवलं तर नवरदेव घोड्यावरनं उतरून मारंल की मला!"

केतकी हसून हसून चेलोवर पडायची बाकी होती. मी मास्तरांना रचनेमागची कल्पना सांगितली. एखाद्याला एखाद्या गोष्टीचा इतका ध्यास लागतो की त्यापुढे त्याला दुसरं काही दिसतच नाही. ते म्हणाले, "आलं ध्यानात. माझ्या थोरल्या भावाला कबुतरांचा नाद. वहिनीनं एकदा इचारलं, घरात एक तर कबुतरं ऱ्हातील न्हायतर मी. त्यानं इचार करायला आठ दिस मागून घेतलं."

"मग?"

"मग काय? वहिनीच आता दाणं टाकती कबुतरांना."

तुम्हाला सांगते, माझ्या रचनेचा शेवट मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला.

दोन आठवड्यांत मास्तरांना त्या तुकड्यानं पुरतं धरलं. पहाटे धार काढायच्या आधी तोच, जेवल्यावर तोच. त्यांची बायको, बिल्किस भाभी, फोनवर मला म्हणाल्या, "ताई, काय शिकीवलंय वो ह्यास्नी? म्हस बी आता त्याच सुरावर पान्हा सोडती. मी नुसती बादली घिऊन गेले तर बगत बी न्हाय माझ्याकडं." भाभी तक्रार करत होत्या, पण स्वतःही तोच तुकडा गुणगुणत होत्या.

आणि मग तो गुरुवार आला.

दुपारचे चार वाजलेले. तालीम सुरू व्हायची होती, आम्ही चौघं चहा पीत बसलो होतो. मास्तरांची क्लॅरिनेट तिच्या डब्यात, डबा बंद, खिडकीखाली. त्यांचा साधा बटणांचा फोन वाजला. फोन कानाला लावला आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. मग त्यांनी स्पीकर लावला.

"अवो, बास करा की आता," भाभींचा आवाज. "पावणं आल्यात. भाईर या."

"अगं, मी राजारामपुरीत हाय. मॅडमच्या घरी."

"चेष्टा करू नगा. मागल्या खोलीत वाजवताय न्हवं? ऐकतीय की मी."

"बिल्किस, चहा पितोय मी हितं!"

पलीकडे शांतता. म्हणजे बोलण्यातली शांतता. कारण भाभी गप्प झाल्यावर आम्हाला चौघांनाही मागचा आवाज ऐकू आला... लांबून, भिंतीपलीकडून... क्लॅरिनेट. तेच पाच सूर. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

पाटणकर काकांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. केतकीनं माझा हात धरला. मास्तर फोनकडे असे बघत होते जसं काही तो फोनच वाजवतोय.

"आत जाऊन बघ," ते म्हणाले.

पावलं ऐकू आली. कडी वाजली. दार उघडलं आणि आवाज मोठा झाला, अगदी खोलीत उभं राहून ऐकावा तसा. भाभींनी पोती सरकवल्याचा आवाज आला. मग अगदी सहज आवाजात म्हणाल्या, "हितं कुणी न्हाय. बाज हाय, शेंगांची पोती हायत. पण वाजतंय."

"भाईर ये आधी!" मास्तर ओरडले.

"कशापायी? वळखीचंच हाय की. बसते जरा."

आणि त्या बाजेवर बसल्या. बाजेची करकर आम्ही ऐकली. त्यानंतर साधारण दोन मिनिटं आम्ही चौघं राजारामपुरीत आणि भाभी वीस-बावीस किलोमीटर लांब, एकच तुकडा ऐकत बसलो. मग तो थांबला.

आता माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगते. पहिली शंका — रेकॉर्डिंग. पण भाभींच्या हातातला सोडला तर त्या घरात दुसरा फोन नव्हता, टेप नव्हता, पाव्हणे बाहेर अंगणात बसलेले, आणि आमच्या तालमीचं रेकॉर्डिंग मी तोवर केलेलंच नव्हतं. दुसरी शंका — गावातलं दुसरं कुणी. मास्तर म्हणाले, आसपासच्या पाच गावांत क्लॅरिनेट माझी एकट्याची. पण मला खरं खटकलं ते वेगळंच. मास्तर दर दोन तुकड्यांनंतर श्वास घेतात, हलकासा 'स्स' ऐकू येतो. कुणीही घेईल, माणूस आहे. फोनवरच्या त्या क्लॅरिनेटनं दोन मिनिटांत एकदाही श्वास घेतला नाही. मी ते बोलून दाखवलं तर मास्तर हळूच म्हणाले, "व्हय. मी बी त्येच मोजत हुतो. लई दमाचा गडी हाय."

अजितला सांगितलं तर तो म्हणाला, "काहीतरी असेल. बोअरच्या पाइपमध्ये हवा अडकली की असा आवाज येतो." पाच सुरांत? "येतो," म्हणाला. त्याच रविवारी दुपारी आम्ही दोघं गाडी काढून मास्तरांच्या घरी गेलो. भाभींनी आग्रह करून करून जेवायला वाढलं. मागच्या खोलीत तासभर बसलो. काही नाही. अजित विजयी चेहऱ्यानं उठला. आम्ही अंगणात आलो, मास्तर आम्हाला पोचवायला चपला घालत होते... आणि आत सुरू झालं.

अजित पळतच आत गेला. मी दारातून बघत होते. त्यानं बाजेखाली बघितलं, पोती हलवली, पत्र्याला कान लावला, कोनाड्यात हात घातला. भिंतीवर टांगलेली मास्तरांची क्लॅरिनेट तशीच होती, त्यानं तिला हात लावून बघितला. "गार आहे," म्हणाला. दहा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा डोक्यावर जळमटं आणि शर्टावर शेंगांची टरफलं.

"काय मिळालं?" मी विचारलं.

"बोअर घराच्या दुसऱ्या बाजूला आहे," तो म्हणाला.

मला मात्र भीती वाटायला लागली. आवाजाची नाही, मास्तरांसाठी. मी कागदावर एक खूळ लिहिलं आणि ते एका भल्या माणसाच्या घरात शिरलं, असं काहीतरी मनात यायचं. त्यांची हिरडीही सुजत चालली होती. पुढच्या तालमीला मी त्यांना सांगून टाकलं, "मास्तर, आपण हे रद्द करूया. दात लगेच काढून घ्या."

मास्तर चिडलेले मी तेव्हा एकदाच बघितले. "मॅडम, चाळीस वर्सं वाजवलं मी. लोकं नाचली, दौलतजादा केली, शिट्ट्या मारल्या. ऐकलं एकानं बी न्हाय. आता पहिल्यांदा लोकं गप बसून ऐकणार हायत आणि तुमी म्हणताय रद्द? दात काय, जबडा पडला तरी मी येणार."

"आणि घरातला तो आवाज?"

"त्यो काय तरास देतोय व्हय? त्यालाबी नाद लागलाय. लागू द्या की."

मी व्हायोलिन सुरात लावायला घेतलं.

कार्यक्रम शाहूपुरीत होता, दुकानांच्या वरच्या मजल्यावरचा एक हॉल. सकाळी साडेदहा. शंभर-सव्वाशे माणसं असतील. पहिल्या रांगेत बिल्किस भाभी, नवी हिरवी साडी, डोक्यावर पदर, मांडीवर डबा. तिसऱ्या रांगेत अजित, मोबाइलवर शूटिंग करत. माइक नव्हते, स्पीकर नव्हते, हे महत्त्वाचं आहे. हॉल छोटा, वाद्यांचा मूळ आवाजच पुरणार होता. मास्तर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, बँडची टोपी घरी ठेवून आल्यामुळे सारखा डोक्यावर हात फिरवत होते.

सुरुवात छान झाली. पहिल्या मिनिटभरात लोकांची चुळबुळ, मग हळूहळू सगळे गप्प. मी वाजवताना कडेनं बघत होते, एक म्हातारे गृहस्थ पुढे झुकले होते, त्यांच्या शेजारची बाई बोटांनी ताल धरत होती. मास्तरांना ते दिसत होतं. त्यांचे डोळे चमकत होते.

साधारण सातव्या मिनिटाला, माझं व्हायोलिन अगदी वर चढलेलं असताना, मास्तर एकदम दचकले. त्यांनी क्लॅरिनेट तोंडातून काढली, हनुवटीखाली रुमाल धरला. रुमालावर लाल डाग आणि तळहातावर दात.

संपलं, असं वाटलं. पण माझा हात थांबला नाही, आणि पुढच्याच क्षणी लक्षात आलं... क्लॅरिनेटही थांबली नव्हती.

पाच सूर. पुन्हा पाच सूर. आमच्या चौघांच्या मधोमध, मास्तरांच्या खुर्चीतूनच. आणि मास्तर मात्र क्लॅरिनेट गुडघ्यावर आडवी धरून बसलेले!

केतकीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. पाटणकर काकांनी डोळे गच्च मिटून घेतले आणि पेटी ओढत राहिले. कुणीच थांबलं नाही. थांबावंसं वाटलंच नाही, खरं सांगते. इतक्या मोठ्या दमाची साथ मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. एकही श्वास नाही, आणि तरी प्रत्येक वेळी तुकडा नवा वाटत होता, जणू काही आत्ताच सुचलाय. मास्तर आधी इकडेतिकडे बघत राहिले, मग मान थोडी तिरकी करून ऐकू लागले. मग मान डोलवायला लागले. समोर भाभी त्यांना हातानं खुणावत होत्या, 'ऐका, ऐका'.

आम्ही तिघं ठरल्याप्रमाणे त्या तुकड्यावर आलो, थांबलो. क्लॅरिनेट एकटी उरली. एकदा. दुसऱ्यांदा, आणखी हळू. तिसऱ्यांदा... आणि तिसऱ्या सुरावर थांबली. अगदी मी लिहिलं होतं तशी.

मग ज्या टाळ्या पडल्या! मास्तर उठून उभे राहिले, नव्या खिंडारातून भरभरून हसले आणि म्हणाले, "म्या न्हाय वाजवलं." लोकांना तो विनय वाटला. टाळ्या दुप्पट झाल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, एकच नंबर!" पुढच्या रांगेतल्या काही जणांनी मला नंतर विचारलं, शेवटी ते न फुंकता कसं वाजवत होते? मी म्हणाले, मलाही माहीत नाही. त्यांना तोही विनय वाटला.

अजित स्टेजवर धावत आला तो दात बघायला. "मुळासकट आलाय," म्हणाला, "मला उद्याचं कामच ठेवलं नाही." मग माझ्याकडे वळून अगदी बारीक आवाजात, "शूटिंगमध्ये आलंय."

खरंच आलंय. मास्तर गुडघ्यावर क्लॅरिनेट ठेवून मान डोलवताहेत आणि क्लॅरिनेटचा आवाज स्वच्छ ऐकू येतोय. माझ्या एका रेकॉर्डिंगवाल्या मित्राला ते दाखवलं. तो म्हणाला, "मागून ट्रॅक लावलाय तुम्ही. चांगला आहे, वाजवलंय कोणी?" मी म्हटलं, तेच तर विचारायला आलेय. त्याला राग आला. मंडळींनो, एखाद्यानं लपून वाजवलं असेल म्हणावं, तर स्टेजमागे भिंत आहे आणि त्या भिंतीपलीकडे थेट रस्ता. सगळ्यांना एकदम भास झाला म्हणावं, तर मोबाइलला कसला भास?

त्या दिवसानंतर मास्तरांच्या घरात तो आवाज पुन्हा आला नाही. भाभींना चुकल्या-चुकल्यासारखं होतं. तीन महिन्यांनी कवळी बसली, मास्तरांनी चिकाटीनं पुन्हा सूर धरला. अजितला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच चांगला. घरी त्यांनी हौसेनं तो तुकडा वाजवून दाखवला तर भाभी म्हणाल्या, "बरा हाय. पर त्यो जास्ती चांगला वाजवायचा." मास्तर हे सगळ्यांना स्वतःच सांगतात आणि पोट धरून हसतात.

गेल्या महिन्यात ते क्लासवर आले आणि म्हणाले, "मॅडम, पुढचं लिवताना दोन क्लॅरिनेटचं लिवा." मी म्हटलं, दुसरी कोण वाजवणार? "आला तर आला. बोलवायला काय जातंय?"

मी लिहिलं. या घडीला माझ्याकडे कसलंही स्पष्टीकरण नाही, आणि कुणाकडे असेल तर खाली जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. काल पहिली तालीम झाली. मी दुसऱ्या क्लॅरिनेटचे कागद एका वेगळ्या स्टँडवर लावून ठेवले, जरा लाजतच. खालून पावलं वाजली. अजित क्लिनिकमधली एक खुर्ची उचलून वर घेऊन आला, त्या स्टँडसमोर ठेवली आणि आमच्या कुणाकडेही न बघता म्हणाला, "इतका वेळ काय उभ्यानं वाजवेल तो?"